न्हाणीतले बेसिन

गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या नांदेडच्या घरातली न्हाणी दुरुस्तीला काढली. काम तसे पंधरा दिवसांचे. पण हात-तोंड धुवायला बेसिन कोणते घ्यावे, यावर घरात जो वाद सुरू झाला तो चांगला महिनाभर चालला. वाचक बंधू-भगिनींनो, बेसिन ही काय लिहायची गोष्ट आहे, असे वाटेल. आम्हांलाही तसेच वाटले होते.

ही न्हाणी दादांनी बांधलेली. दादा उस्मानशाही मिलमध्ये कामाला होते. १९७९ साली बोनसच्या पैशांतून त्यांनी घरामागे दगड-मातीच्या भिंती उचलल्या, खाली शहाबादी फरशी टाकली, कोपऱ्यात पाणी तापवायला चूल केली. त्याआधी आमच्या घरातल्या बाया तरटाच्या आडोशाला, पहाट फुटायच्या आत, एका धोंड्यावर बसून अंघोळ करीत. म्हणून त्या न्हाणीचे आईला फार अप्रूप. (आई म्हणजे आमच्यातल्या एकाची आई, दुसरीची सासू, घरात दोघेही आईच म्हणतो.) दादा आता नाहीत. फरशी मात्र शाबूत आहे. ती काढून चकचकीत टाईल लावायची कुणाचीच छाती झाली नाही. तेव्हा ठरले असे, की न्हाणी जुन्या वळणाचीच ठेवायची. फरशीवर खडूने आकडे टाकून ती उचलायची, खालची खचलेली जागा नीट करून पुन्हा तशीच बसवायची आणि मोरीकडे चार-पाच फुटांना एक इंच असा उतार द्यायचा.

बेसिनची गरज निघाली ती आईच्या गुडघ्यांमुळे. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. उकिडवे बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावलेले. जन्मभर मोरीवर बसून तोंड धुतलेल्या बाईला आता उभे राहून तोंड धुवायचे होते.

आमच्या मुलाने एका मासिकात जुन्या वाड्यातल्या न्हाणीचा फोटो पाहिला होता. दगडी कट्टा, त्यावर पितळेचे घंगाळ बसवलेले, घंगाळाच्या बुडाला भोक पाडून खाली नळी. जुन्या वळणाची न्हाणी म्हणजे असेच बेसिन पाहिजे, हा त्याचा हेका. फोटो होताच तसा देखणा. आम्ही दोघे तो न्याहाळीत बसलो असता आई येऊन मागे उभी राहिली.

"काय बघूलालाव एवढं?"

फोटो दाखवला. आईने चष्मा नीट केला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "हे वाड्यातलं हाय. आपल्या घरी कुठं होतं घंगाळ? आपल्याकडं जर्मलचा तांब्या अन् डालड्याचा डबा. हे आम्हाला लांबून दिसायचं. शिवायची सोय नव्हती."

तिने हे अगदी सहज सांगितले, आवाज वाढवून नाही. गावी असताना ती तिच्या आईबरोबर वाड्यावर सरपण टाकायला जात असे. तहान लागली की ओंजळ धरून खाली वाकायचे आणि वरून कुणीतरी पाणी सोडायचे. सोडणाऱ्याला वाटले की धार थांबायची. ओंजळीतले कोपरापर्यंत ओघळून जाई आणि पोटात दोन घोट जात.

जुन्या वळणाची न्हाणी, असे आम्ही दोघे महिनाभर म्हणत होतो. कुणाच्या घरचे जुने वळण, हा प्रश्न आमच्या डोक्यात आला नव्हता. आमचे जुने म्हणजे तरट, धोंडा आणि मग दादांची शहाबादी. त्यामागे काही नाही.

मुलगा तरुण रक्ताचा. तो म्हणाला, "आजी, म्हणूनच घेऊ! त्यांच्याकडं होतं ना, मग आता आपल्याकडं पाहिजेच." आम्हांलाही ते एकदम पटले. मान वर करून जगायचे तर हेही का नको? पण आई हसली. "घे की बाबा. हौस हाय तर घे. पर रोज घासणार कोण?"

हा सवाल साधा नाही. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ओल, साबण आणि हवा लागली की ते काळवंडते. आमच्याकडे नळाला पाणी नसले की बोअरचे वापरावे लागते, आणि बोअरचे पाणी जड. त्यातले क्षार पितळेवर पांढरे डाग धरतात. चिंच किंवा पितांबरी घेऊन दोन दिवसांआड घासले तरच घंगाळ फोटोतल्यासारखे राहील. आमच्या घरात हे काम कुणाच्या वाट्याला येईल, हे सांगायला ज्योतिषी नको. बापलेकांपैकी एकानेही आजवर तांब्या घासलेला नाही, हे या जागी नोंदवून ठेवावे असा घरातून आग्रह आहे, म्हणून नोंदवले.

पितळ मागे पडले तेव्हा दगड पुढे आला. शहाबादीच्याच जाड लादीतून कोरून घेऊ, फरशीला मेळ बसेल, असे आमचे म्हणणे. मिस्त्री वयस्कर, कमी बोलणारा. त्याने फुटक्या फरशीचा एक तुकडा घेतला, त्यावर अर्धे लिंबू पिळले आणि म्हणाला, "उद्या बघा." दुसऱ्या दिवशी पुसून पाहिले तर थेंब पडले तिथे फिकट, निस्तेज चट्टे. शहाबादी हा चुनखडीचाच दगड, आंबटाने तो खाल्ला जातो. कडप्प्याचेही तेच, संगमरवराचेही तेच. बेसिनवर लिंबू पडते, चिंच पडते आणि कुणीतरी एक दिवस संडासचे अॅसिड ओतून मोकळे होते. खाली फरशीवर ठीक आहे, तिथे पायाखाली चट्टा दिसत नाही. भांडे म्हणून हा दगड कामाचा नाही. आमच्या भागातल्या काळ्या पाषाणाला आंबटाचे भय नाही, पण त्याचे वजन!

वजनाची गोष्ट आमच्या लातूरच्या लेकीकडे निघाली. सामान बघायला म्हणून आम्ही तिच्याकडे गेलो होतो. गंज गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या निम्म्यांवर तरी जावईबापूंनी आम्हांला फिरवले असेल. एका दुकानात अखंड काळ्या दगडाचे बेसिन होते. दोघांनी मिळून जेमतेम हलवले. जावईबापू बाहेर येऊन म्हणाले, "मामा, तुमची भिंत कशाची?" दगड-मातीची, म्हटल्यावर ते गप्पच झाले. त्यांचे गाव औसा तालुक्यातले. किल्लारी त्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास भूकंप झाला, तेव्हा जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंतीला आपण होऊन जड वस्तू टांगायची, हे त्या घरातल्या माणसाला सोसवत नाही. आम्ही दगडाचा नाद तिथेच सोडला. शिवाय जे काही बसवायचे त्याच्यामागे विटांचा वेगळा खांब उचलायचा, हेही ठरले.

लेकीचे म्हणणे मात्र निराळेच होते. तिने आम्हांला तिचे बेसिन दाखवले. अठरा बाय बाराचे, पांढरे, चिनी मातीचे, अगदी साधे. खालची नळी गटारात जात नव्हती. तिच्याखाली बादली ठेवलेली होती.

"हे २०१६ पासून असंच आहे," ती म्हणाली.

त्या वर्षी लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणवठ्यांपाशी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिण्यांची गाडी येऊ लागली. ते पाणी टँकरने गल्लीत येई तेव्हा लेक दोन घागरी आणि धाकट्या पोराला घेऊन रांगेत उभी राहायची. घरात नळ होता, बेसिन होते आणि तोटीतून वाराही येत नव्हता. हात धुवायचे ते तांब्याने, बेसिनवर धरून. खाली पडलेले पाणी बादलीत आणि बादली संडासला. पुढे पाऊस झाला, नळ आले, पण बादली तिने काढली नाही.

"आई, मोठं बेसिन घेऊ नका," ती आम्हांला सांगत होती. "मोठं असलं की माणूस तोटी मोकळी सोडतो."

नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचे पाणी आहे, त्यामुळे आम्हांला हे जरा अति वाटले. घरी आल्यावर तोटीखाली पंधरा लिटरची बादली लावून घड्याळ धरले. दीड मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला दहा लिटर. दाढी करताना आमच्यातला एक जण तोटी किती वेळ सोडून ठेवतो, हे दुसरीने त्याच दिवशी मोजले. आकडा छापायला परवानगी नाही.

बेसिन मग त्याच आठवड्यात घेतले: चिनी मातीचे, पांढरे, अठरा बाय बाराचे. बावीस बाय सोळाचे शेजारीच ठेवलेले होते, जरा मोह झाला, पण आवरला. घेताना पाहायचे ते एवढेच. नाण्याने हळूच वाजवावे. खणखणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर आत तडा आहे. कडेखाली बोट फिरवावे, झिलई सगळीकडे गुळगुळीत आहे का. रंगीत, विशेषतः गडद रंगाचे घेऊ नये. जड पाण्याचे डाग त्यावर आधी दिसतात. पांढऱ्यावरचे डाग लिंबाने निघतात.

खरा घोळ उंचीचा झाला. मिस्त्री म्हणाला, बत्तीस इंच, सगळीकडे तेवढेच असते. आमची आई चार फूट आठ इंच. आम्ही विटांचा थर रचला, वर स्टीलची परात ठेवली आणि आईला तोंड धुवायला सांगितले. बत्तीस इंचावर पाणी कोपरापर्यंत ओघळून झंपरच्या बाहीत गेले. आई तशीच थांबली, हाताकडे पाहत राहिली. आम्ही काही बोललो नाही. मिस्त्रीने न सांगता एक वीट काढली. तरी ओघळत होते. मग विटेऐवजी फरशीचे तुकडे घालून-काढून पाहता एकोणतीस इंचांवर पाणी परातीत पडू लागले. मिस्त्रीने भिंतीवर कोळशाने रेघ मारली. आम्हां दोघांना आता थोडे वाकावे लागते. वाकतो.

तोटीबाबत आईने एकच अट घातली: तिला स्वतःला उघडता आली पाहिजे. तिची बोटे वाकडी झाली आहेत, पिळाची तोटी फिरत नाही, रोज कुणाला तरी हाक मारावी लागे, "जरा नळ सोड गं." सातारच्या शाळेत बाबासाहेबांना तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. हे आईने मेळाव्यातल्या भाषणांत कितीदा तरी ऐकलेले. त्या दुकानात तिने ते बोलून दाखवले नाही. तिने फक्त समोरच्या दहा तोट्या एकेक करून मनगटाने ढकलून पाहिल्या आणि लांब दांडीची, पाव फेऱ्यात उघडणारी एक बाजूला काढली. दुकानदार दुसरी, चमकदार, दाखवू लागला. "ती तुमच्या घरी लावा," आई म्हणाली.

तोटीच्या तोंडाला जाळी बसवून घेतली, त्याने पाणी कमी जाते. बोअरच्या क्षाराने ती जाळी तुंबते. महिन्याने काढून लिंबाच्या पाण्यात रात्रभर टाकावी. खालच्या नळीला मिस्त्रीने दोन वाटा केल्या. एक गटाराकडे, तिला बाटलीसारखा सापळा. त्यात थोडे पाणी कायम राहते, म्हणून गटाराचा वास वर येत नाही. दुसरी बादलीकडे. लेकीला हे फोनवर सांगितले, तर ती एवढेच म्हणाली, "झाली का खात्री?"

मोरी आम्ही मोडली नाही. पाय धुवायला आणि अंघोळीला आई आता वीतभर उंच दगडी कट्ट्यावर बसते; तिथे दीड फुटावर दुसरी तोटी आहे, शेजारी वजरी. दादांची फरशी खडूच्या आकड्यांप्रमाणे बसली, फक्त दोन तुकडे उलटसुलट झाले. ते आईने पहिल्याच दिवशी ओळखले.

आरसा अजून लावायचा आहे. आमच्या उंचीला लावला तर आईला नुसते कपाळ दिसते, तिच्या उंचीला लावला तर दाढी करणाऱ्याला गळा. मिस्त्री रविवारी येतो म्हणाला आहे.