कोचीच्या वखारीतले समुद्राचे पाणी

जानेवारी 2017 मध्ये जोडून सुट्ट्या मिळाल्या आणि आम्ही कोकण रेल्वेने रत्नागिरीहून एर्नाकुलमला गेलो. सोबत दोन्ही मुले आणि अम्मी होती. तिथून फेरीबोटीने फोर्ट कोचीला उतरलो. चिनी जाळ्यांच्या त्याच किनाऱ्यावर आस्पिनवॉल हाउस आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज व्यापाऱ्याची ही जुनी वखार. तेव्हा इथे कोची-मुझिरिस बिएनाले हे कलाप्रदर्शन भरले होते. ते सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू दोघेही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. त्या वर्षीची मांडणीही मुंबईच्याच सुदर्शन शेट्टी यांची होती.

'शिल्पे बघायची' म्हटल्यावर अम्मीच्या कपाळावर आठी आली. "पुतळे बघायला मला कशाला नेता? तुम्ही जा, मी बाहेर बसते." आम्ही तिला आग्रह केला नाही. घरात आपण पुतळे ठेवत नाही, मग मुलांना इथे का आणले, हा प्रश्न आमच्याही मनात होताच.

एका लांबलचक दालनाशी चपला काढायला सांगितल्या. आत जमिनीवर पोटरीपर्यंत समुद्राचे पाणी भरलेले. भिंतींवर थोडे शब्द, बाकी काही नाही. चिलीचे कवी राउल सुरिता यांची ही कलाकृती, नाव 'सी ऑफ पेन', म्हणजे दुःखाचा समुद्र. 1973 मध्ये चिलीत लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा सुरितांना पकडून जहाजाच्या तळात कोंडले होते, त्यांचा छळ झाला होता. समुद्र आणि कैद त्यांनी अंगावर भोगलेली.

2 सप्टेंबर 2015 रोजी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पालथा पडलेला चिमुकला आलान कुर्दी आपण सर्वांनी फोटोत पाहिला. सीरियातले घर सोडून निघालेल्या त्या कुटुंबाची बोट बुडाली. आई गेली, पाच वर्षांचा थोरला भाऊ गालिपही गेला. पण गालिपचा तसा फोटो जगासमोर आला नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षात राहिला नाही. हे पाणी त्याच्यासाठी आहे. त्याच्यापर्यंत जायचे तर आपणच भिजत चालायचे.

मुलगी धावत बाहेर गेली. "दादी, आत एकही पुतळा नाही. नुसतं पाणी आहे. चल ना!"

अम्मी आली. सलवार वर धरून, नातीचा हात धरून हळूहळू शेवटच्या भिंतीपर्यंत गेली. "त्या थोरल्या लेकराचं नाव काय म्हणालीस?"

"गालिप. म्हणजे आपला गालिबच, दादी."

अम्मी बराच वेळ पाण्यात उभी राहिली.

अम्मीचे थोरले भाऊ, आमचे मामू, जहाजावर खलाशी होते. ते परतले नाहीत, मय्यतही मिळाली नाही. आम्ही शाफई, त्यामुळे गावात गायबाना नमाजे-जनाजा झाली. पण फातिहा पढायला कबर नव्हती. घरात त्यांचा फोटोही नाही. आईला त्रास नको म्हणून आम्ही विषय टाळत आलो आणि आमच्या मुलांना मामूंचे नावसुद्धा माहीत नव्हते.

परतीच्या बोटीत अम्मीने ते नाव घेतले. मामू कसे पोहायचे, सुट्टीवर आले की खजूर कसे आणायचे, सारे सांगितले. मुलाने विचारले, "पण खोलीत पाणी भरून त्या मुलाला काय फायदा?" शिक्षक असूनही आम्हाला उत्तर सुचले नाही. अम्मी म्हणाली, "त्याला नसेल. पण आता तुला त्याचं नाव माहीत आहे. दुआ करशील ना?"

बुडून मरणाऱ्याला शहिदाचा दर्जा आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते पाणी आता कोचीत नाही. आमच्या घरी मात्र जुम्मेरातच्या दुआमध्ये अम्मी मामूंचे नाव मोठ्याने घेते, आणि त्यांच्यामागून गालिबचे.