डाव्या हाताची साथ

वॉर्सा शहराच्या पश्चिमेला सुमारे पन्नास किलोमीटरवर झेलाझोवा वोला नावाचे खेडे आहे. हे नाव कसे उच्चारायचे ते स्टेशनवरच्या तिकिटबाईंनी मला तीनदा शिकवले. चौथ्या वेळी त्यांनी आशा सोडली आणि मुकाट्याने तिकिटे दिली. आगगाडीने सोखाचेव्ह गाठायचे, तिथून गावच्या बसने जायचे. या खेड्यात १८१० साली शोपँ जन्मला. पोलंडमध्ये त्याला शोपेन म्हणतात.

वॉर्सात माझे काम होते एका परिसंवादाचे. कन्या बरोबर आली होती, पण रुसून. सहा वर्षे ती पियानो शिकत होती. शिकवणाऱ्या बाई मूळच्या गोव्याच्या, वांद्र्याला राहणाऱ्या. बोलायला गोड आणि शिस्तीला कडक. कन्येचा उजवा हात सुरेख चालायचा. डावा मात्र ठोके घालायचा, खलबत्त्यात वेलदोडा कुटावा तसे. परीक्षेत नेमके तेच हेरले गेले. तिची समजूत घालायला म्हणून मी म्हणालो, ‘‘अगं, उजवा चालतोय ना? मग डाव्याचं काय एवढं! तो तर डाव्या हाताचा मळ!’’

मराठीच्या प्राध्यापकाला वाक्प्रचार आवरत नाहीत. तिने पियानोचे झाकण लावले, ते दोन महिने उघडले नाही.

शोपँचे जन्मघर म्हणजे काही वाडा नव्हे. स्कारबेक नावाच्या जमीनदाराच्या आवारातली ती एक बाजूची इमारत. वडील मूळचे फ्रेंच, जमीनदाराच्या मुलांना शिकवायला राहिलेले. म्हणजे आमच्याच पंथातले. मूल काही महिन्यांचे झाले तोच बिऱ्हाड वॉर्साला हलले. तेव्हा या घरात त्या बाळाने अंगाई ऐकली असेल, फार तर. पुढे आयुष्याचा उत्तरार्ध पॅरिसमध्ये गेला आणि तिथेच १८४९ साली त्याचा अंत झाला. देह पॅरिसच्या मातीत आहे; काळीज मात्र बहिणीने मायदेशी आणले. वॉर्साच्या होली क्रॉस चर्चमधल्या एका खांबात ते ठेवलेले आम्ही आदल्या दिवशी पाहिले होते. कन्या तिथेही गप्पच होती.

घराभोवती मोठी बाग आहे, तिच्यातून उत्राता ही लहानशी नदी वाहते. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे पियानोवादन होते. त्याची तऱ्हा मोठी मौजेची. वादक घरात बसतो, खिडक्या उघड्या ठेवतात आणि श्रोते बाहेर बागेत. मी कुरकुरलो, ‘‘एवढ्या लांब यायचं आणि हात दिसायचे नाहीत!’’

मग ‘बेर्सूज’ सुरू झाले. बेर्सूज म्हणजे अंगाई. १८४३-४४ मधली ही रचना, अवघ्या सत्तर आवर्तनांची. पहिली दोन आवर्तने एकटा डावा हात वाजतो. खाली एक खोल स्वर, त्यावरून वर जाऊन परतणारा झोका. पुन्हा तोच स्वर, पुन्हा तोच झोका. मग उजवा हात चार आवर्तनांची साधी चाल म्हणतो आणि पुढे तिच्यावर नक्षी काढत सुटतो. तानांमागून ताना, मोती ओघळावेत तशा. डावा हलत नाही. शेवटाकडे एकदाच झोका जरासा कलतो आणि पुन्हा जागेवर येतो. आपल्याकडे तंबोरा आणि ठेका मिळून जे करतात, ते इथे पाच बोटे करीत होती. डाव्याने वाद्यवृंदाच्या चालकासारखी लय सांभाळावी, उजव्याने खुशाल रेंगाळावे, असे शोपँ सांगे. तशी नोंद त्याच्या शिष्यांकडून आली आहे.

कन्या डोळे मिटून ऐकत होती. कार्यक्रम संपल्यावर नदीकाठच्या बाकावर बसलो आणि दोन महिन्यांत बोलली नव्हती इतके ती बोलली.

‘‘बाबा, पियानो मुळात ठोक्याचं वाद्य. पट्टी दाबली की आतला नमद्याचा हातोडा तारेवर बसतो आणि स्वर जन्मल्याबरोबर विझायला लागतो. जोडलेला वाटतो, तो नुसता भास. बोट उचललं की तारेवर गादी बसते, स्वर बंद. म्हणून पुढची पट्टी खाली जाईपर्यंत मागची सोडायची नाही. आणि मागचा स्वर जेवढा विझला असेल, तेवढ्याच हळू पुढचा काढायचा. डाव्यात सगळा आधार करंगळीवर, आणि वरचे स्वर या ठोंब्या अंगठ्यावर. तो धपकन पडतो! बोटं पुरत नाहीत तिथे मनगटानं हात वाहून न्यायचा, नाहीतर पायातलं पेडल. त्यानं सगळ्या गाद्या एकदम उचलल्या जातात. पण नव्या स्वराबरोबर पाय उचलायचा आणि क्षणभरानं परत दाबायचा. नाहीतर नुसता काला.’’

‘‘म्हणजे भात्यासारखंच की!’’ मी बोलून गेलो.

‘‘कसला भाता?’’

मी अकरा वर्षांचा असताना आप्पांना अर्धांगवायू झाला. डावा हात गेला. ते पेटी वाजवीत, नाट्यपदे फार. उजवी बोटे शाबूत होती, पण भाता कोण हलवणार? संध्याकाळी मी पेटीच्या पलीकडे बसून भाता घालू लागलो. ‘‘हिसके देऊ नकोस रे, सुराचा श्वास तुटतो,’’ ते म्हणत. एका संध्याकाळी खाली मित्र क्रिकेटसाठी हाका मारीत होते आणि मी रागाने भाता दणादण हाणला. आप्पा रागावले नाहीत. त्यांनी उजव्या हाताने झाकण लावले आणि म्हणाले, ‘‘जा, मुलं खोळंबलीत.’’ त्यानंतर त्यांनी मला कधी बोलावले नाही. पुढे आईने पेटीला खोळ शिवली.

हे मी कुणाला सांगितले नव्हते. त्या बाकावर प्रथमच सांगितले. कन्या काही बोलली नाही. परतीच्या गाडीत मात्र तिच्या डाव्या हाताची बोटे गुडघ्यावर एकाच झोक्यात जात-येत होती. अंगठा अजून जरा धपकन पडत होता.

घरी आल्यावर महिनाभर तिने फक्त डावा हात वाजवला. शेजारच्या आजींनी अखेर विचारले, ‘‘अगो, गाणं सुरू कधी व्हायचं?’’

एका रविवारी माळ्यावरून मी आप्पांची पेटी काढली. बेर्सूजचा खालचा स्वर म्हणजे आपली काळी एक. आप्पांचीही तीच पट्टी. म्हटले, ती धरतो, तू वाजव. भात्याचे कातडे दोन ठिकाणी फाटलेले, पेटी किंचित उतरलेली. पियानोशी तिचे जमेना. तरी आम्ही रेटले. पाच-सहा आवर्तने झाली असतील, तोच पियानो थांबला.

‘‘बाबा, हिसके देऊ नका ना,’’ ती म्हणाली. ‘‘पुन्हा पहिल्यापासून.’’