पाठ आणि पोट

धनुष्याला पाठ असते आणि पोटही असते. लक्ष्याकडे असते ती पाठ, धनुर्धराकडे असते ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते व पोट दाबले जाते. एकाच काठीवर एकाच वेळी परस्परविरोधी अशी दोन संकटे येतात. दोन्ही सारख्याच ताकदीने सोसणारे लाकूड विरळा. म्हणून माणसाने फार पूर्वीच दोन भिन्न द्रव्ये एकत्र चिकटवण्याची युक्ती शोधली. आपल्याकडील मोगलकालीन धनुष्यांत पोटाला शिंग आणि पाठीला जनावराच्या कंडरांचे तंतू असत. जपानी धनुष्यात बाहेरून वेळू आणि आत लाकूड असते.

या विषयात मी पडलो तो आमच्या धर्मग्रामातील एका मुलीमुळे. २०२३ साली साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी बर्लिन येथे तिरंदाजीत जगज्जेती झाली, आणि तेव्हापासून या मुलीने धनुष्याचा ध्यास घेतला. अदितीचे ते चाकांचे आधुनिक धनुष्य लाखांच्या भाषेत बोलते. मुलीची आई विड्या वळते. आजोबा मात्र सुतार. आमच्या चर्चमधील बाके त्यांच्याच हातची. नातीसाठी त्यांनी ठेवणीतले सागवान काढले. सागवानावाचून दुसरे लाकूड त्यांच्या लेखी लाकूडच नव्हे.

दारे-खिडक्यांना सागवान उत्तमच. पण त्याच्या अंगात तेल असते, त्यामुळे जोड धरताना ते कुरकुरते. आणि वेळूच्या पाठीपुढे त्याचे पोट दुबळे पडते. वेळूची ताकद सिद्धेश्वरांच्या यात्रेतील नंदीध्वज पाहणाऱ्या सोलापूरकरास सांगायला नको. जाड वेळू पाठीला लावला की तो आपण ताणला जात नाही, पोटालाच चिरडतो. महिन्याभरात त्या धनुष्याच्या पोटावर आडव्या, बारीक सुरकुत्या उमटल्या. अशा वेळी धनुष्य खुंटीला टांगावे, कारण ते मोडते तेव्हा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर मोडते. मुलगी ऐकेना, आजोबांनी दोरीच काढून घेतली. दोघांत चार दिवस अबोला होता. रविवारी मिस्सा संपल्यावर म्हातारा मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "फादर, सागवान मऊ निघालं की हो."

सेमिनरीत तत्त्वज्ञानाबरोबर आम्हांला रंधाही चालवावा लागे, तेवढ्या भांडवलावर मी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. धनुष्याला जुनी ख्याती धामणीची. सरळ रेषांचे, लवचीक लाकूड. पण सह्याद्रीतली धामण सोलापूरच्या माळावर कोठून आणायची? येथे बाभूळ. तिची किंमत आपण सरपणावरून करतो. वास्तविक गाडीची चाके आणि नांगर तिनेच पेलले. दोष एकच, ती सरळ वाढत नाही. आजोबांनी मोडीत निघालेल्या बैलगाडीची दांडी आणली, वर्षानुवर्षे वाळलेली. तिच्यातही साडेपाच फूट निर्दोष तुकडा मिळेना, तेव्हा दोन अर्धे तुकडे मुठीशी खाच पाडून जोडले.

वेळू बुरुडांकडचा. त्याची साल रंधायची नाही, कारण बळकट तंतू सालीलगतच दाट असतात. आतून तासत पट्टी मध्यावर ३ मिलिमीटर आणि टोकांकडे २ मिलिमीटर केली. पाठ अशी पातळ केली तरच पोटाला श्वास मिळतो. सुताराचा नेहमीचा पांढरा डिंक आमच्या उन्हाळ्यात ताणाखाली हळूहळू सरकतो, म्हणून दोन डब्यांतून कालवायचा इपॉक्सी घेतला. पुढचे काम कानशीचे, आणि तेथे घाई चालत नाही: जाडी दुप्पट असेल तर ताठरपणा आठपट असतो, तेव्हा कानस चार वेळा जास्त फिरली तरी एक बाजू दुसरीपेक्षा लुळी पडते.

सध्या ते धनुष्य २२ इंचांपर्यंत ओढले जाते. मुलीला २८ हवेत, तेही आजच. आजोबा रोज एक इंच वाढवू देतात, मग दोरी उतरवून पोटावरून अंगठा फिरवतात, आणि तोवर ती शेजारी उभी असते, काही न बोलता.