दुसऱ्या पेशाची जमीन

बॉस्टनमधलं बॅक बे फेन्स पाहून नवखा माणूस म्हणेल, शहरानं जुनं रान छान जपलंय. खरं तर ते सगळं घडवलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या खाजणात सांडपाणी तुंबायचं, ओहोटीला घाण वास सुटायचा. फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेडनं गाळ उपसून घेतला, पुराचं पाणी मावेल असं खोरं आखलं आणि खाऱ्या पाण्यात तगणारी झाडं लावली. पुढे 1910मध्ये चार्ल्स नदीवर धरण झालं, भरतीचं पाणी थांबलं आणि त्यातली बरीच झाडं गेली.

पुण्यातली सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडून मी इथे लँडस्केप आर्किटेक्चर शिकायला आले. दुसऱ्या पेशातून येणाऱ्यांसाठी इथे तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो. माझ्या शेजारच्या टेबलावर एक परिचारिका बसते, समोर एक चेलोवादक. ऑल्मस्टेडही आमच्यातलाच. आधी तो शेतकरी होता, मग वार्ताहर. 1858मध्ये कॅल्व्हर्ट वॉक्सबरोबर सेंट्रल पार्कच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यानं पस्तिशी गाठली होती. पाण्याचा निचरा तो आधी शेतात शिकला होता.

आम्हीही तिथूनच सुरुवात करतो. पाणी कंटूरला, म्हणजे समान उंचीच्या रेषेला, काटकोनात उतरतं. वाटेचा चढ विसास एकपेक्षा जास्त झाला, की तो रॅम्प ठरतो आणि त्याचे नियम लागू होतात. रेषा ओढताना माझा जुना प्रश्न कामी येतो: यावर सर्वांत जास्त ताण येईल तेव्हा काय होईल?

फेन्सला येऊन मिळणाऱ्या मडी रिव्हरचं उत्तर शहराला महागात पडलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिचा एक तुकडा नळांत घालून वर पार्किंग केलं गेलं. 1996च्या पुरात तिचं पाणी केनमोर भुयारी स्थानकात शिरलं. अखेर पार्किंग खणून काढलं आणि 2016पर्यंत तो तुकडा पुन्हा उघडा झाला.

माझ्या पुण्यातही 2019च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याच्या पुरानं माणसांचे जीव घेतले. ओढ्याला त्याची रुंदी परत द्यायची, तर नकाशा वाचणारे हवेत, तसेच रुग्णालय, हिशेब आणि वस्ती जवळून पाहिलेलेही हवेत. म्हणून चाळिशीच्या आसपास कुणी विचारलं, ‘आता एवढ्या उशिरा?’ तर माझं उत्तर ठरलेलं आहे: या, आणि आधीचं सगळं बरोबर घेऊन या.