खाडीपलीकडची कचेरी

नवे गाव पाहावे ते संध्याकाळी, दिवे लागल्यावर, असे प्रवासवर्णने लिहिणारे सांगत आले आहेत. माझे म्हणणे उलट आहे. गाव पाहावे सकाळी, माणसे कामाला निघतात तेव्हा. आपल्याकडे माणसाची ओळख आडनावाइतकीच त्याच्या गाडीवरूनही पटते. ‘आठ-सतराचे जोशी’ म्हटले की कोणते जोशी ते साऱ्या फलाटाला कळते. अमेरिकेतल्या सॅन फ्रॅन्सिस्कोला आठ-सतराचे कोण असतील, या कुतूहलाने गेल्या मे महिन्यात मी भाच्याच्या घरी रोज पहाटे उठत होतो.

त्याचे बिऱ्हाड एल सेरिटोला. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ लहानशी टेकडी. खिडकीतून खाली पाहिले की खाडीचे विस्तीर्ण पाणी आणि पलीकडच्या तीरावर सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उंच इमारती. हजारोंची बिऱ्हाडे या तीराला आणि कचेऱ्या त्या तीराला. मुंबईकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. खाडीवरचा मोठा पूल 1936 साली खुला झाला. त्याच्या खालच्या मजल्यावरून विजेच्या गाड्याही धावत. 1958 साली त्या बंद करून ती जागाही मोटारींना दिली, आणि पुढे 1974 साली खाडीच्या तळाशी जवळजवळ 6 किलोमीटर लांबीचा बोगदा टाकून नव्या रेल्वेच्या गाड्या पाण्याखालून सुरू केल्या. या रेल्वेला तिकडे ‘बार्ट’ म्हणतात. घरातले जुने पाटे-वरवंटे विकून टाकावेत आणि सोळा वर्षांनी नवे आणावेत, तशातलीच ही गत!

ही रेल्वे सुरू होण्याच्या सुमारास मोठा प्रश्न पडला होता: तिच्यात बसणार किती जण? कामावर जाणाऱ्या शंभरांतले 15 जण बसतील, असा सरकारी अंदाज होता. बर्कलीच्या विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅक्फॅडन यांनी निराळी वाट धरली. जुने गणित गर्दी मोजत होते. यांनी माणूस मोजला. घरी मोटार आहे का, स्टेशनपर्यंत किती चालावे लागते, गाडीची वाट किती वेळ पाहावी लागते, भाडे किती पडते, असे एकेकाचे तपशील त्यांनी जमवले. बसून केलेल्या प्रवासाच्या मिनिटापेक्षा उभे राहून वाट पाहिलेले मिनिट जड असते, हे बसथांब्यावरच्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असलेले सत्य या गणितात आकड्यांत उतरते. त्यांचे उत्तर आले शंभरांत 6.3. रेल्वे सुरू झाल्यावर मोजणी केली तेव्हा निघाले 6.2! इतके अचूक उत्तर येण्यात नशिबाचाही भाग होता, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. 2000 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कशाने जायचे हे ठरले तरी कधी निघायचे हे उरतेच. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञांनी 1969 साली त्याचे मर्म मांडले: ऐन वेळेला पोचायचे असेल तर पुलाच्या तोंडाशी रांगेत थांबा, रांग नको असेल तर कचेरीत लवकर जाऊन बसा. थांबणे काही चुकत नाही, कुठे थांबायचे तेवढेच आपल्या हाती. पुढे 1982 साली केनेथ स्मॉल यांनी याच खाडीकाठच्या नोकरदारांचा हिशेब मांडला. प्रवासातले एक मिनिट वाचत असेल तर माणूस एक ते दोन मिनिटे लवकर पोचायला राजी होतो; उशीर सोसायचा म्हटले तर मात्र मिनिटाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर एका मिनिटापर्यंत. उशिराचे मिनिट महाग पडते.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने घरात वाचून दाखवले. भाच्याला ते पटले. तो संगणकवाला, नऊला निघाला काय आणि दहाला निघाला काय, त्याला विचारणारे कोणी नाही. मुलाला पाळणाघरात सोडून तो आरामात बार्टने जातो. भाचेसून मात्र पलीकडच्या एका इस्पितळात रक्त तपासते. तिची पाळी सातला म्हणजे सातला. ती पावणेसहालाच मोटार काढते.

मी म्हटले, “अगं, तू तरी रेल्वेने का जात नाहीस? तेवढीच अर्धा तास झोप मिळेल.”

“मिळेल ना मामा,” ती डबा भरता भरता म्हणाली. “पण दुपारी पाळणाघरातून फोन आला, की बाळाला ताप आहे, तर?”

इतकी वर्षे मी वर्गात ‘तर’ हे अव्यय म्हणून शिकवत आलो. त्या एका अव्ययापायी ही मुलगी रोज मोटार हाकते आहे, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? मॅक्फॅडन यांच्या गणिताची थोरवी मला त्या दिवशी अधिक कळली. प्रत्येकाच्या निवडीत पाहणाऱ्याला न दिसणारा काही भाग असतोच, हे ते आधीच धरून चालते.

2010 साली या पुलावर गर्दीच्या तासांना 6 डॉलर आणि सुटीचे दिवस सोडून एरवी 4 डॉलर असा टोल लावला होता. विचार विक्रींचाच, आणि हुशारीचा. पण ज्याला वेळ बदलता येते त्याचे दोन डॉलर वाचणार, आणि जिची पाळी ठरलेली ती ते भरणार. 2020 च्या साथीत पुष्कळांनी कचेरीच घरी आणली. रक्त काही कोणाला घरबसल्या तपासता आले नाही.

आपल्याकडेही आता नवे पूल होत आहेत, मेट्रो धावत आहेत. किती माणसे येतील याचे हिशेब होतील आणि ते व्हायलाच हवेत. फक्त हिशेब करणाऱ्याने एकदा पहाटे पावणेसहाला उठून, कोण निघाले आहे ते खिडकीतून पाहावे. ज्याच्याजवळ मिनिटे शिल्लक असतात तो त्या वेळी अजून झोपलेला असतो.