शिक्का नसलेलं पत्र

मे महिना लागला की आमच्या गावात मुंबईची एस.टी. भरून येऊ लागते. चिपळूणच्या खाली, वाशिष्ठीच्या खाडीकाठी आमची वस्ती आहे. वर्षभर कितीतरी घरांत फक्त म्हातारी माणसं असतात; मेमध्ये त्याच घरांच्या पडव्या पोराबाळांनी गजबजतात.

ही गोष्ट १९९१ च्या मे महिन्याची. तेव्हा आम्ही चौघी, दोघी सख्ख्या आणि दोघी चुलत बहिणी, नऊ ते बारा वर्षांच्या होतो. बारा महिने गावात राहणाऱ्या आणि जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत जाणाऱ्या. सुट्टीत आलेल्या मुलींना खेळात घ्यायचं की नाही, हे आम्ही ठरवत असू. एवढा एकच अधिकार आमच्याकडे होता आणि त्याचा आम्हाला फार गर्व होता.

त्या वर्षी चार घरं पलीकडच्या नानीकडे तिची नात आली. तिचं नाव आम्ही इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेलच. अकरा वर्षांची, सडपातळ, सारखी ओढणी सावरणारी. ती कुवेतला वाढली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. म्हणून ती येण्याआधीच आम्ही तिचं नाव ठेवून टाकलं होतं, ‘कुवेतवाली’. आमच्या गावात परदेश म्हणजे काय, ते प्रत्येक घराला माहीत होतं. कुणाचे अब्बा सौदीत, कुणाचे चाचा जहाजावर. ते आले की अत्तर, टेपरेकॉर्डर, टँगचा डबा आणि जाड कंबल यायचं. त्यामुळे पहिल्याच दिवशी विहिरीवर आम्ही तिला विचारलं, “कुवेतहून काय आणलंस?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मी कुवेतची नाही. मी मुंबईची आहे.” आणि तिने आपलं नाव सांगितलं. सुंदर, लांबलचक, आमच्या गावात कुणाचंच नसलेलं नाव. तिची नानी तिला नुसतं ‘बाय’ म्हणायची, त्यामुळे शंका यायचं काही कारण नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही तिच्याभोवती गोळा होऊ लागलो. दुपारी मोठी माणसं झोपली की माळ्यावर, आंब्याच्या अढीशेजारी आमची बैठक बसे. सागरगोटे बाजूला राहायचे आणि ती सांगू लागायची. मुंबईच्या शाळेत तिच्या पाच मैत्रिणी होत्या. एक पालीला घाबरायची. एक सगळ्यांचे डबे चाखायची आणि आपला कुणाला द्यायची नाही. एक जिना चढताना पायऱ्या मोजायची, आणि आकडा चुकला तर पुन्हा खालून सुरुवात करायची. सगळ्या मिळून बाईंचा खडू लपवायच्या. दुपारी शाळेतल्या नळाचं पाणी इतकं तापायचं की हात भाजायचा, मग त्या एकमेकींवर तेच पाणी उडवायच्या. मुंबईचे नळ असे असतात, हे आम्ही निमूट मानलं. मुंबई आम्ही कुठे पाहिली होती!

पंधरा दिवसांत त्या पाचजणी आम्हाला आमच्याच वाटू लागल्या. एक दिवस आम्ही म्हटलं, “त्यांना पत्र लिहूया.” ती नको म्हणाली. आम्ही हट्ट धरला. शेवटी सगळ्यांनी मिळून दोन पानं लिहिली. “पत्ता मी घालते आणि पोस्टात मीच टाकते,” असं म्हणून ती पत्र घेऊन गेली. मग रोज आम्ही विचारू लागलो, उत्तर आलं का?

आठवड्याने ती उत्तर घेऊन आली. पाकीट, त्यावर तिकीट, आत निळ्या शाईतलं पत्र. आम्हा चौघींची नावं घालून लिहिलेलं. आम्ही हरखून गेलो. पण परदेशी पत्रांची घरं आमची. तिकिटं जमवायचा नाद सगळ्यांनाच होता. आमच्यातल्या थोरलीने पाकीट उलटंपालटं केलं आणि म्हणाली, “याच्यावर शिक्का कुठाय?”

तिकीट कोरं करकरीत होतं. मुंबईचा शिक्का नव्हता, आमच्या गावच्या पोस्टाचा नव्हता. आम्ही अक्षर ताडून पाहिलं. ते तिचंच होतं.

त्यानंतर आम्ही जे केलं, ते लिहिताना आजही हात जड होतो. आम्ही तिला एकटीला विचारलं नाही. पाकीट घेऊन विहिरीवर गेलो आणि पाणी भरायला आलेल्या सगळ्या मुलींना ते दाखवलं. ती हंडा घेऊन आली तेव्हा आम्ही ओरडलो, “कुवेतवाली, शिक्का दाखव!” बाकीच्या मुलींनी ते उचललं. ती काही बोलली नाही. हंडा तिथेच ठेवून निघून गेली. संध्याकाळपर्यंत तो हंडा विहिरीच्या कठड्याशी तसाच होता.

मगरिबनंतर तिची नानी आमच्या दादीकडे आली. बाय दुपारपासून जेवली नाही, माळ्यावर जाऊन बसली आहे, असं सांगू लागली. नानी गेल्यावर दादीने आम्हाला बोलावलं. आम्ही सगळं सांगितलं, मोठा चोर पकडल्यासारखं. “खोटारडी आहे ती, दादी!”

दादीने विचारलं, “खोटं बोलून तिने तुमचं काय नेलं? आंबे? पैसे?”

“काही नाही.”

“मग तिला काय हवं होतं?”

आम्हा चौघींपैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही.

दादी म्हणाली, “खोटं बोलणं गुनाह आहे. त्याला मी चांगलं म्हणणार नाही. ते तिला तिची नानी समजावेल. पण तुम्ही आज काय केलंत, ते सूरह हुजुरातमध्ये आहे. उद्या सबकाला जाल तेव्हा मौलवीसाहेबांना तर्जुमा विचारा.”

मग तिने आम्हाला कुवेतची हकीकत सांगितली. आदल्या वर्षी, २ ऑगस्ट १९९० ला इराकचं लष्कर कुवेतमध्ये घुसलं. तिथल्या भारतीयांचं काम गेलं, कमाई बँकांत अडकली, जवळच्या दिनारला किंमत उरली नाही. लोक बसरा, बगदाद करत बसने जॉर्डनला पोहोचले, वाळवंटातल्या तंबूंत राहिले, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी आले. एक लाखाहून अधिक माणसं अशी परतली. त्यांत ही मुलगी, तिची अम्मी आणि अब्बा होते. सगळ्यांत मिळून एक बॅग. आता ते मुंबईत चाचाच्या एका खोलीत राहत होते. कुवेतमध्ये ती इंग्रजी शाळेत होती. मुंबईत फी परवडेना म्हणून तिला उर्दू शाळेत घातलं. वर्ष अर्धं उलटलेलं. ती अक्षर लावून वाचू लागली की वर्ग हसायचा. त्या वर्गात तिची एकही मैत्रीण नव्हती.

दुसऱ्या दिवशी मौलवीसाहेबांनी तर्जुमा समजावला. एका समूहाने दुसऱ्याची टर उडवू नये, स्त्रियांनी दुसऱ्या स्त्रियांची उडवू नये. एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नये. कुणाचे दोष हुडकत फिरू नये. आम्ही मान खाली घालून ऐकत होतो. तिन्ही गोष्टी आम्ही एका दुपारी केल्या होत्या. पैगंबर (स.) यांच्या शिकवणीतली दुसरी गोष्टही त्यांनी सांगितली: जो आपल्या भावाचा ऐब झाकतो, त्याचा ऐब कयामतच्या दिवशी अल्लाह झाकतो. याला पर्दापोशी म्हणतात. तिचं नाव इथे न लिहिण्याचं कारण तेच आहे.

आम्ही तिच्या घरी गेलो. ती खाली आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा आम्ही नानीला तिचं शाळेतलं खरं नाव विचारून घेतलं, एक आंतरदेशीय पत्र आणलं आणि वर ते नाव, नानीचा पत्ता, गाव, तालुका, जिल्हा सगळं नीट लिहिलं. पोस्टमास्तर हसले. “चार घरं पलीकडे द्यायचं पत्र पोस्टात टाकताय?” आम्ही म्हटलं, “काका, शिक्का ठळक मारा.” त्यांनी दोनदा मारला.

आत फक्त एवढंच होतं: आमची चूक झाली. उद्या दुपारी अढीवर ये. गोष्ट सांगायची नसेल तर नको सांगूस. खाली चार सह्या.

पत्र तिला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. त्या दुपारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या दुपारी आली. बराच वेळ सागरगोटे खेळली. मग हात थांबवून म्हणाली, “त्या पाचजणी खोट्या नाहीत.”

त्या कुवेतच्या तिच्या वर्गातल्या होत्या. पायऱ्या मोजणारी, डबे चाखणारी, सगळ्या. नळाचं भाजणारं पाणी कुवेतच्या उन्हाळ्यातलं होतं. तिकडे शाळांना उन्हाळ्याची मोठी सुट्टी असते. जुलैत त्यांतल्या काहीजणी आपापल्या गावी सुट्टीला गेल्या होत्या. “सप्टेंबरमध्ये भेटू,” म्हणाल्या होत्या. ऑगस्टमध्ये लढाई आली. कुणाचाच पत्ता कुणाकडे नव्हता. जिचं नाव तिने आम्हाला आपलं म्हणून सांगितलं होतं, ती केरळची, तिच्या बाकावर शेजारी बसणारी. “तिचं नाव घेतलं की कुणीतरी ते हाकारत राहील, असं वाटलं,” ती म्हणाली.

आम्हाला वाटलं होतं, तिने खोट्या मैत्रिणी रचल्या. तिने खऱ्या मैत्रिणींना फक्त राहायला मुंबई दिली होती.

सगळं पहिल्यासारखं झालं, असं लिहिलं तर ते आमचं खोटं होईल. ती रोज येऊ लागली, हसू लागली. पण त्या पाचजणींची गोष्ट तिने पुन्हा सांगितली नाही, आणि आम्हीही मागितली नाही. जूनच्या पहिल्या पावसाआधी ती मुंबईला गेली. जाताना आमचा पत्ता लिहून घेतला. पुढे तीन वर्षं पत्रं येत राहिली, प्रत्येकावर मुंबईचा शिक्का. दुसऱ्या पत्रात तिने लिहिलं होतं की तिची उर्दू सुधारली आहे आणि तिच्या बाकावर आता एकजण बसते. तिने त्या मुलीला आमच्याबद्दल सांगितलं, तर तिचा विश्वासच बसेना. म्हणून आमचं पत्र शिक्क्यासकट नेऊन दाखवलं!

आम्हा चौघींपैकी आम्ही दोघी आज एकाच शाळेत शिकवतो. दर जूनमध्ये वर्गात एखादं नवं मूल येतं आणि अशा गोष्टी सांगतं, ज्या हजेरीपटाशी जुळत नाहीत. दोन वर्षांपूर्वी पाचवीत आलेली एक मुलगी रोज सांगायची, “माझे अब्बा मला सोडायला येतात.” तिचे अब्बा घर सोडून गेले होते. तिला मामा सोडायला येत. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, “एकदा वर्गासमोर विचारायला हवं, म्हणजे सवय मोडेल.” आम्ही दोघींनी एकदमच नको म्हटलं.

आम्ही तिला विचारलं नाही आणि तिच्या गोष्टीला होकारही भरला नाही. रोज वह्या गोळा करायचं काम तिला आणि तिच्या मागच्या बाकावरच्या मुलीला मिळून दिलं. एवढंच. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्या दोघी डबा एकत्र खाऊ लागल्या होत्या. सुट्टीनंतर एक दिवस वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवताना ती हळूच म्हणाली, “टीचर, मला मामा सोडायला येतात.”

“हो, पाहिलंय आम्ही,” आम्ही म्हटलं. “त्यांच्या सायकलची घंटी छान वाजते.”

ती हसली आणि जागेवर जाऊन बसली.

या सुट्टीत तुमच्या अंगणातही कुणाची तरी नात, कुणाचा तरी भाचा येईल आणि काहीतरी वाढवून सांगेल. खरं बोलायला आपण मुलांना शिकवायचंच आहे. पण ते एकांतात, आणि आधी त्याला खेळात घेऊन. चारचौघांत पुरावा मागण्याआधी आमच्या दादीचा प्रश्न स्वतःला विचारून पाहा: या लेकराला काय हवं आहे?

अल्लाह आपल्या मुलांना खरं बोलण्याची हिंमत देवो, आणि आपल्याला त्यांचे ऐब झाकण्याची तौफीक देवो. आमीन.