मांडीचे हाड

कोरपन्याहून राजुरा, पुढे वर्धा नदीचा पूल ओलांडून बल्लारपूर आणि मग चंद्रपूर. नदीला पूर आला की हा रस्ता बंद पडतो. त्यामुळे भर पावसाळ्यात, आठव्या महिन्यात, डॉक्टरांनी सुनेला पुन्हा सोनोग्राफी करायला सांगितली तेव्हा आम्ही घरची वडील माणसे म्हणालो, "पाचव्या महिन्यात सगळे ठीक निघाले होते. आता कशाला?"

सून हळूच म्हणाली, "अम्मी, एकदा जाऊन येऊ या."

गेलो. बाळाच्या मांडीचे हाड महिन्यांच्या मानाने फार आखूड निघाले, डोके मोठे. नागपूरला दाखवायला सांगितले.

घरात कुजबुज सुरू झाली. ग्रहणात सुरी हातात धरली असेल. नात्यात लग्न केले म्हणून झाले. सून आमच्याच भावाची मुलगी. ती सगळे ऐकत होती आणि आम्ही कोणाला गप्प केले नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी हातपायांची हाडे मोजली, मग छातीचा घेर. हाडांच्या काही आजारांत छाती इतकी अरुंद राहते की फुफ्फुसे वाढत नाहीत आणि बाळ जगत नाही. काहींत हाडे पोटातच मोडलेली दिसतात. येथे तसे नव्हते. हा अकॉन्ड्रोप्लेजिया असावा, असे ते म्हणाले. बुद्धी सहसा चारचौघांसारखी, उंची मात्र चार फुटांच्या आसपास.

"पाचव्या महिन्यात का दिसले नाही?" आम्ही विचारले. तेव्हा हाडांची लांबी बहुधा ठीकच असते, फरक सहाव्या महिन्यानंतर कळतो. आणि नात्यातले लग्न? हाडांचे काही आजार त्यामुळे येतात, पण हा नव्हे. यात एका जनुकात आपोआप बदल होतो. अशा दहापैकी आठ मुलांचे आईबाप नेहमीच्या उंचीचेच असतात.

परतताना गाडीत आम्ही सुनेची माफी मागितली.

बाळंतपण नागपुरातच झाले. बाळाचे डोके मोठे म्हणून सिझेरियन ठरले आणि बाळांचे डॉक्टर आधीपासून हजर होते. अल्लाहचा शुक्र आहे, नातू आता चार वर्षांचा आहे आणि अंगणात सगळ्यांना पळवतो. २०१६च्या दिव्यांग कायद्यात बुटकेपणाचा समावेश आहे, म्हणून त्याचा दाखला काढायचे ठरले आहे.

घरातल्या वडील माणसांना आमचे सांगणे आहे, की अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. गंभीर दोष निघाला तर कायद्यात आणि दीनमध्येही मुदतीला महत्त्व आहे. वेळ हाती असली तर डॉक्टर आणि आलिम, दोघांनाही विचारता येते. पुढे पुन्हा बोलावले तर तेव्हाही जा. आणि रिपोर्ट काहीही येवो, सुनेला दोष देऊ नका. आम्ही तो दिला होता.